बिनवजनाचे पैसे

९ जून २००७, शनिवार

ओसोरोने आज मला फोन दिला. एकतीस वर्षांचा घोडा, नैरोबीत छापखान्यात मशीन चालवतो, आणि बापाला खेळणं आणून देतो. म्हणाला, "बाबा, आता महिन्याचे पैसे यातच येतील. मला यायला नको, तुम्हाला वाट बघायला नको."

मी म्हटलं, वाट कोण बघतंय?

तेहतीस वर्षं मी चहाच्या पानांच्या केंद्रावर मापाडी होतो. बायका डोंगर उतरून पाठीवर टोपल्या आणायच्या, मी टोपली हुकाला अडकवायचो, आणि काटा थांबेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकायचो नाही. टोपलीचं वजन वजा, पानावरच्या पाण्याचं वजा, मग उरेल तो आकडा. ज्याला वजन आहे ते आहे, बाकी बाजारगप्पा. फोन मी तळहातावर तोलून पाहिला. ऐंशी-नव्वद ग्रॅम. विचारलं, यात दोन हजार शिलिंग आले तर किती भरेल? ओसोरो हसला आणि म्हणाला, तेवढाच. म्हणजे झालंच.

बोसिबोरीच्या दुकानात नाव नोंदवलं. बोसिबोरी बाजाराच्या तोंडाशी साबण, रॉकेल आणि लोकांच्या भानगडी विकते, आता हेही. म्हणते, "मापाडीबाबा, तुमच्या फोनात पैसे आले की माझ्याकडे या, मी नोटा मोजून देईन. फक्त चार आकड्यांचा एक गुप्त आकडा ठेवा आणि तो मलासुद्धा सांगू नका." तिला सांगायला मी काय वेडा आहे? तिला सांगितलं की पार केरोका गावापर्यंत पोचलं.

मी ओसोरोचं जन्मसाल ठेवलं. इथे लिहीत नाही. तो पाठ फिरवून उभा होता, म्हणाला, "विसरणार नाही ना, बाबा?" मी म्हटलं, हा आकडा मी विसरलो तर समज मी मेलो.

आजवर तो महिन्याच्या शेवटी यायचा. पाकीट माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवायचा, रविवारी दुपारच्या बसने परत. आता त्याची ती यातायात वाचेल. चांगलंच आहे.

३० जून, शनिवार

सकाळी दहाला फोन दोनदा थरथरला. दोन हजार शिलिंग आले. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं लिहिलेलं. खाली शिल्लक.

बोसिबोरीकडे गेलो. आकडा दाबला. तिने नोटा दिल्या, मी तीनदा मोजल्या. ती म्हणाली, "बघा, पोरगा तिकडे, पैसा इकडे. जादू आहे की नाही?" मी म्हटलं, जादूगार हातचलाखी करतो तेव्हा एक वस्तू दिसते आणि एक गायब होते.

घरी आलो तर ओसोरोच्या आईने चिनसागा शिजवून ठेवलेला. तो पाला कडू जाईपर्यंत रात्रभर दुधात शिजवावा लागतो, म्हणजे तिने कालपासूनच चढवला होता. विचारलं, कोणासाठी? म्हणाली, "सवयीने." त्याला आवडतो तो. आम्हा दोघांना एवढा संपत नाही. मीही दुपारी फाटकाशी जाऊन आलो, पण ते गाय बघायला.

८ जुलै, रविवार

पाऊस. गाय ठीक. ओसोरोचा फोन आला. आईशी वीस मिनिटं बोलला, माझ्याशी एक. मी पाऊस सांगितला, त्याने तिकडचा पाऊस सांगितला.

३० जुलै, सोमवार

आज या यंत्राने दगा दिला. पैसे आले, बोसिबोरीकडे गेलो, आकडा दाबला, फोन चूक दाखवतो. पुन्हा दाबला, चूक. तिसऱ्यांदा दाबल्यावर सगळं कुलूपबंद. आता ओळखपत्र घेऊन किसी शहरात कंपनीच्या कचेरीत जावं लागणार, तेही इंग्रजीत बोलणाऱ्या पोरींसमोर. मला एकट्याला ते जमायचं नाही, ओसोरोला यावं लागेल. तसं त्याला कळवलं.

बोसिबोरी काउंटरवरून वाकून बघत होती. म्हणाली, "मापाडीबाबा, तिन्ही वेळा तुम्ही तोच आकडा दाबलात. चुकलेला माणूस दुसऱ्यांदा दुसरं काहीतरी करून बघतो."

मी म्हटलं, दुसऱ्याच्या गुप्त आकड्यात डोकं घालायला कंपनी तुला पगार देते का? ती म्हणाली, "आकडा नाही पाहिला. बोटं पाहिली."

जिभेला हाड नाही त्या बाईच्या.

५ ऑगस्ट, रविवार

ओसोरो शुक्रवारी आला, आज गेला.

काल आम्ही किसीला गेलो. मटाटूच्या खचाखच मिनीबसमध्ये मी खिडकीशी, तो शेजारी. कचेरीत दीड तास रांग. रांगेत त्याने मला छापखान्यातल्या नव्या मशीनची गोष्ट सांगितली, कागद एका बाजूने गिळते आणि दुसऱ्या बाजूने चार रंगांत ओकते. मग मी त्याला विचारलं, काट्याच्या हुकाला तुला लटकवायचो ते आठवतं का? लहानपणी दर महिनाअखेर पोत्यात बसवून तोलायचो त्याला. पोत्याचं वजन वजा. म्हणाला, "आठवतं. बायका हसायच्या. एकदा तुम्ही मला चहाच्या वहीतच लिहिलं होतं." खरं आहे. साहेबाने विचारलं होतं, हा सतरा किलोचा शेतकरी कोण?

खूप दिवसांत इतका हसलो नव्हतो. रांग फारच भराभर सरकली.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, नवा आकडा ठेवा. मी जुनाच ठेवला. दुसरा सुचेना.

निघताना त्याने अंगणातल्या स्वतःच्या झोपडीचा पत्रा पाहिला. तीन ठिकाणी गंज खाऊन भोकं पडलीत, एक कोपरा वाऱ्याने उचललाय. म्हणाला, बघतो. मी त्याच्या झोपडीत जात नाही. मुलगा मोठा झाला की त्याच्या उंबऱ्याच्या आत बापाने पाऊल टाकायचं नाही, माझ्या बापानेही कधी टाकलं नाही. तेव्हा आत किती गळतं ते मला माहीत नाही. ओसोरोची आई म्हणते, बादलीभर.

चौसष्ट किलो असेल तो आता. नुसत्या नजरेने सांगतो.

१ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा तेच. आकडा चुकला, कुलूप.

बोसिबोरी या वेळी नुसती साबणाच्या वड्या रचत बसली. 

ओसोरोला कळवलं. वाटलं, शुक्रवारी येईल. अर्ध्या तासात त्याचाच फोन. म्हणाला, "बाबा, कंपनीशी बोललो. यायची गरज नाही. त्या बोसिबोरीच्या फोनवरून तुम्हाला प्रश्न विचारतील, नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, आणि लगेच उघडून देतील." आणि दिलं की. दहा मिनिटांत. एवढी मोठी कंपनी, दोन आठवडे तरी घोळ घालावा की नाही? आपलं सरकारी काम असतं तर पोराला चार खेपा पडल्या असत्या.

१६ सप्टेंबर, रविवार

चर्चहून येताना ओसोरोच्या आईने विषय काढला. मुद्दाम वाटेत काढला, कारण घरी मी उठून गोठ्यात जातो.

"अहो, झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. विसरण्याचं सोंग घेतलेल्याला काय करायचं?"

मी म्हटलं, कोणी घेतलंय सोंग?

"तीस वर्षांपूर्वी केंद्रावर आबोरीच्या टोपलीत अडीच किलो पाणी निघालं होतं, ते तुम्हाला आठवतं. आणि चार आकडे आठवत नाहीत. तुम्हाला पैसे नकोत, पोरगं हवंय. तर तसं म्हणा त्याला. फोन आहे ना हातात?"

बाईमाणसाला हे बोलायला काय जातं. आई मुलाला म्हणू शकते, ये रे, करमत नाही. बापाने मुलाला असं म्हणायचं म्हणजे भर बाजारात पँट उतरवण्यासारखं आहे. माझ्या बापाने मला सगळ्या आयुष्यात एकदा विचारलं, बरा आहेस ना, आणि त्यानंतर दोघंही आठवडाभर एकमेकांना टाळत होतो.

आणि मला करमतं. गाय आहे, चहाच्या तीनशे झाडांची आमची ओळ आहे. तिला म्हटलं, यंत्र खराब आहे. ती पुढे चालत गेली.

६ ऑक्टोबर, शनिवार

ओसोरोने नऊ हजार पाठवले. झोपडीच्या पत्र्यांसाठी. निरोप: पत्रे आणा, सुतार लावा, काम करून घ्या, मी डिसेंबरात येईन तेव्हा कोरडं झोपेन.

सुतार लावा म्हणे. आपल्या डोक्यावरचं छप्पर माणूस पोस्टाने घालतो का? माझ्या झोपडीवर मी स्वतः गवत चढवलं तेव्हा बाप खाली उभा राहून शिव्या घालत होता, डावी बाजू जड झाली, उजवी हलकी झाली. त्या शिव्यांवर ते छप्पर वीस वर्षं टिकलं.

मी त्या पैशांना हात लावलेला नाही. पडू देत तिथे. बोसिबोरीकडे नऊ हजारांच्या नोटा एका वेळी नसतात, हे खरंच आहे. निदान गेल्या मंगळवारी तरी नव्हत्या. तसं त्याला कळवलं आणि म्हटलं, तू आलास की बघू. म्हणाला, "मग थोडे थोडे काढा ना, बाबा." मी त्याला तिकडचा पाऊस विचारला.

३ नोव्हेंबर, शनिवार

महिन्याचे दोन हजार आले. पत्र्यांचे नऊ हजार तसेच. महिन्याच्या पैशातले मी सहाशेच काढले, मीठ, साखर, गाईचं औषध. मागचं उरलेलं धरून एकूण शिल्लक तेरा हजार दोनशे. यंत्र सध्या चालतंय.

२५ नोव्हेंबर, रविवार

छापखान्यात दिवसरात्र निवडणुकीची पोस्टरं छापतायत. ओसोरो म्हणतो, एका मशीनवर हे, दुसऱ्यावर ते, आणि दोघंही तोच हात वर करून हसतायत. शाई कमी पडते म्हणून तिसऱ्याचा कोट पिवळा छापला. सुटी नाही.

आवाज बसलेला वाटला. ओसोरोच्या आईने विचारलं जेवतोस का, तो हो म्हणाला. ती म्हणाली खोटं बोलतोय.

२२ डिसेंबर, शनिवार

नाताळला येत नाही. मतदान सत्तावीसला, तोवर मालक सोडत नाही, निकालानंतर एकतीसला निघतो म्हणाला. पक्कं. नव्या वर्षाचा पहिला दिवस घरी.

मी म्हटलं, ठीक आहे, तसं काही अडलेलं नाही.

बाजारात जाऊन पत्र्यांचा भाव विचारून आलो. नुसता विचारून.

२८ डिसेंबर, शुक्रवार

काल मत दिलं. बोटाला शाई. चार तास रांगेत उभा राहिलो, गुडघे बोलतायत. बोसिबोरीने दुकान बंद ठेवून नवा झगा घालून मत दिलं आणि सगळ्यांना बोट दाखवत फिरते.

३० डिसेंबर, रविवार

संध्याकाळी रेडिओवर निकाल, निम्म्या देशाला न पटलेला. त्यानंतर रेडिओवर गाणी लावली, ती मला आवडली नाहीत. गाणी म्हणजे बातमी सांगायची नाही.

ओसोरोचा फोन लागला. म्हणाला, "बाहेर आवाज आहेत, बाबा. घरातच आहे." मी विचारलं, दाराला कडी लावलीस? लावली म्हणाला.

१ जानेवारी २००८, मंगळवार

चहाच्या फॅक्टरीची नवी डायरी आली नाही. गाड्याच बंद आहेत, डायरी कुठून येणार. जुनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

तो आला नाही. येणार कसा? नाकुरूचा रस्ता बंद, सोटिककडे झाडं तोडून आडवी टाकलीत, लोक गाड्या थांबवून ओळखपत्रावरचं आडनाव वाचतात. आडनाव पटलं नाही की खाली उतरवतात. आमचं आडनाव ऐकलं की कोणालाही कळतं आम्ही कोणत्या जमातीचे.

चिनसागा काल चढवला होता तिने. आज गाईला घातला.

३ जानेवारी, गुरुवार

छापखाना जळला. ओसोरो बरा आहे. मालक पळालाय, डिसेंबरचा पगार नाही. दुकानं बंद, बँका बंद. त्याच्याकडे सहाशे शिलिंग आणि अर्धी पिशवी पीठ. एका मिनिटात हे सगळं सांगितलं आणि फोन तुटला, त्याचा बॅलन्स संपला.

बॅलन्सची कार्डं इथेही मिळत नाहीत. बोसिबोरीकडे शेवटची चार होती, शंभरचं दोनशेला जातंय. मला म्हणाली, "मापाडीबाबा, हे घ्या, शंभरलाच. लोकांना सांगू नका, माझी अब्रू जाईल."

मी आज गोठ्यात तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा कशाला आलो ते आठवेना. हे मात्र खरंखुरं.

४ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. फोन लागत नाही.

सारखं मनात येतं, या यंत्राचा आकडा आठवत नाही असं मी सांगितलं, आणि एकदा तो आला. त्याला उरलेले महिनेही बोलावता आलं असतं. त्याची आई म्हणाली तसं. तोंड उघडून. डिसेंबरात तरी म्हणायचं, मालक गेला खड्ड्यात, तू ये. मी म्हटलं काय, तर तसं काही अडलेलं नाही.

६ जानेवारी, रविवार

आजचं सगळं लिहितो. 

चर्चला गेलो नाही. सकाळी आठला अनोळखी नंबरवरून फोन, ओसोरो. कोणाच्या तरी फोनवरून बोलत होता. म्हणाला, पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांचा एक ताफा आज दुपारी निघतोय, त्यात एका मिनीबसमध्ये एक जागा आहे. भाडं एरवी सातशे, आज पाच हजार. आणि ड्रायव्हर नोटा घेत नाही. वाटेत नाक्यानाक्यावर झडती होते, नोटा काढून घेतात. त्याच्या फोनात पैसे टाकायचे, मगच जागा. नऊ वाजता दुसऱ्याला देणार.

"बाबा, माझ्याकडे नाहीत. मित्रांकडेही नाहीत. तुम्ही पत्र्यांचे पैसे काढले का?"

मी म्हटलं, नाही.

पलीकडे तो एकदम हसला की रडला, मला कळलं नाही. म्हणाला, "नंबर लिहून घ्या."

मी याच डायरीत लिहून घेतला, शेवटच्या पानावर. पैसे पाठवायचे कसे ते मला ठाऊक नव्हतं. सात महिन्यांत मी फक्त काढलेत, किंवा न काढण्याच्या युक्त्या केल्यात. ओसोरोची आई आणि मी धावत बोसिबोरीकडे. धावत म्हणजे माझे गुडघे जेवढं धावतात तेवढं. दुकान बंद, फळी लावलेली. ओसोरोच्या आईने फळीवर मुठी आपटल्या. बोसिबोरी केस न विंचरलेली बाहेर आली, एक शब्द न विचारता काउंटरवर कंदील ठेवला.

"बसा. मी सांगते तसं दाबा. पण नंबर नीट. एक आकडा चुकला की पैसे भलत्याच माणसाला जातात, आणि आज भलत्या माणसाचा फोन कोण उचलणार?"

मग मी तेच केलं जे तेहतीस वर्षं केलं. एकेक आकडा मोठ्याने पुकारला, जसं केंद्रावर वजन पुकारायचो, आणि ओसोरोच्या आईने डायरीत बघून तोच आकडा परत पुकारला. शून्य. शून्य. सात. सात. दहाच्या दहा. मग पुन्हा पहिल्यापासून. बोसिबोरी घड्याळाकडे बघत होती पण तिने घाई केली नाही.

रक्कम, पाच हजार. मग फोनने गुप्त आकडा मागितला.

मी दाबला. एका दमात, कंदिलाकडे न बघता. चार बोटं, चार आकडे.

बोसिबोरीने माझ्याकडे पाहिलं. ओसोरोच्या आईनेही पाहिलं.  बोसिबोरी म्हणाली, "आठवला वाटतं."

मी म्हटलं, आठवला.

ती म्हणाली, "बरं झालं," आणि तोंड फिरवून साबणाच्या वड्या नीट करू लागली. त्या नीटच होत्या.

मग फोन थरथरला. पाच हजार गेले. आणि ज्याला गेले त्याचं नाव आलं. पैसे गेल्यावरच नाव दाखवतो हा फोन, आधी नाही. नाव होतं चेरुइयोत.

ओसोरोची आई तिथेच रॉकेलच्या डब्यावर बसली. "अहो, हा तर पलीकडच्यांपैकी. आपण पोराला कोणाच्या हातात दिलं?"

 रस्त्यावर ज्यांनी झाडं आडवी टाकलीत, त्यांच्यातलं नाव. मी फोन लावला. लागला. ओसोरो म्हणाला, पैसे पोचले, जागा मिळाली. मी आवाज खाली आणून विचारलं, माणसाचं नाव माहीत आहे का तुला? म्हणाला, "माहीत आहे, बाबा. म्हणून तर त्याच्या गाडीत बसतोय. नाक्यावर तो त्यांच्या भाषेत बोलतो. काल चौदा जणांना पोचवून आलाय."

मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवणार होतो. मग म्हटलं, ओसोरो. तो म्हणाला, काय बाबा. मी म्हटलं, ये.

एवढंच म्हटलं. बोसिबोरीसमोर म्हटलं.

आता रात्र होईल. बातमी नाही. तिने पुन्हा चिनसागा चढवलाय. मी तिला नको म्हटलं नाही.

७ जानेवारी, सोमवार

बातमी नाही. फोन हातात धरून बसलोय, तो थरथरत नाही. त्याच्यात बोसिबोरीकडून चार्जिंग भरून आणलं, पन्नास टक्के दाखवतो. रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन आलो. गाय बघायला नाही.

७ जानेवारी, संध्याकाळी

आला.

चेरुइयोतने त्याला सोटिकच्या पुढे, आमच्या हद्दीच्या अलीकडे उतरवलं. पुढे त्याला आमच्या लोकांची भीती. तिथून तो सतरा किलोमीटर चालत आला. पिशवी नाही, डाव्या भुवईवर खोक, शर्ट दुसऱ्याचा. आई त्याला धरून रडली. मी फाटक लावून घेतलं आणि विचारलं, त्या ड्रायव्हरने काही खाल्लं होतं का? म्हणाला, "आम्ही अर्धी भाकरी वाटून खाल्ली."

त्याच्या झोपडीत पावसाचं पाणी होतं. आईच्या चुलीशी झोपलाय. चिनसागा सगळा संपवला.

१० जानेवारी, गुरुवार

काल फोनातून सहा हजार काढले. बोसिबोरीच्या गल्ल्यात नव्हते, तिने शेजारच्या खाटकाकडून आणले, पण दिले. शिल्लक आहे ती राहू दे. चेरुइयोतला फोन केला, तो घरी पोचला. त्याची बायको मला आमच्या भाषेत नमस्कार म्हणाली, चुकीचा म्हणाली, पण म्हणाली.

आठ पत्रे मिळाले. आज ओसोरो छपरावर चढला. मी आत गेलो नाही, रीत ती रीत. पण बाहेरून शिडी धरायला कोणाची हरकत नाही. एकेक पत्रा मी खालून दिला, त्याने वरून ओढला. डावी बाजू जड झाली, उजवी हलकी झाली, मी सांगत होतो. तो म्हणाला, "बाबा, पत्र्याला डावं-उजवं नसतं." मी म्हटलं, तुला काय कळतं, कागदावर पिवळे कोट छापणारा तू.

थोड्या वेळाने, खिळा तोंडात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोसिबोरी काल काहीतरी सांगत होती."

मी म्हटलं, ती काहीही सांगते.

"रस्ते उघडले, काम मिळालं, की मी परत जाईन."

"जा की."

"तुमचा आकडा पुन्हा अडला तर?"

मी शिडीकडे बघत म्हटलं, अडणार नाही. मग म्हटलं, महिन्यातून एकदा अडेल.

"मग महिन्यातून एकदा येईन," तो म्हणाला, आणि खिळा ठोकला.

त्यानंतर तो शिडीवरून उतरत होता, एका पायरीवर थांबला. त्याचा सगळा भार त्या दोन बांबूंतून माझ्या हातांत आला. हुकाची गरज नाही, माझ्या हातांना कळतं. साठ किलो. ऑगस्टात चौसष्ट होता. शिडीचं वजन वजा करून.